जमिनीवर सापडलेली माणसं

चारोटी नाक्यावर डहाणूची जीप भरते तेव्हा ती भरली असं फक्त आत बसलेल्यांना वाटतं. ड्रायव्हरला तसं कधीच वाटत नाही. त्या बुधवारी सकाळी मागच्या बाकावर पाच जण होते, सहावी निलम, आणि सातवा होता एक वॉकर.

वॉकर म्हणजे म्हातारी माणसं धरून चालतात ती ॲल्युमिनियमची चौकट. ती एका तरुणाच्या मांडीवर विराजमान होती आणि तिचे चार पाय चार दिशांना गेले होते. त्यातला एक निलमच्या बरगडीत.

"अहो, हे जरा…"

"हो, हो." त्याने चौकट फिरवली. आता दुसरा पाय तिच्या कोपरात.

"तुमचं आहे का हे?"

"हो."

"तुम्हाला चालता येत नाही?"

"येतं की."

"मग चाला ना!"

समोरची भाजीवाली फिस्सकन हसली. तो तरुणही हसला, आणि तिथेच निलमचं डोकं फिरलं. एखाद्याला आपण एवढं सुनावतो तेव्हा त्याने निदान खजील तरी व्हावं, एवढीच आपली माफक अपेक्षा असते. याने मात्र शांतपणे ती चौकट उचलली आणि निलमच्या गुडघ्यांभोवती जमिनीवर उभी केली.

"आता तुम्हाला कुठूनच लागणार नाही," तो म्हणाला. "छान."

पुढचा अर्धा तास निलमने आरोपीच्या पिंजऱ्यात उभं असल्यासारखा बसून काढला. बाहेर पाऊस लागून राहिला होता. जीपची ताडपत्री तिच्या खांद्यापाशी फाटलेली होती, आणि तरीही तिचा खांदा कोरडा कसा, हे तिच्या लक्षात आलं ते सरावलीचा फाटा जवळ आल्यावर. त्या माणसाने ताडपत्रीची ती कड सगळा वेळ हाताने धरून ठेवली होती. पाणी त्याच्या बाहीतून कोपरापर्यंत चाललं होतं…

हे आपल्याला दिसलं नसतं तर बरं झालं असतं, असं निलमला वाटलं. चिडलेल्या माणसाने असल्या गोष्टी बघू नयेत. राग पातळ होतो.

फाट्यावर ती उतरली. तोही उतरला. ती झपझप चालू लागली. मागून वॉकरचा खुळखुळ आवाज.

"माझ्या मागे येताय का तुम्ही?"

"रस्ता एकच आहे."

चिकूच्या वाडीतला तो लाल रस्ता 'सुखाश्रय'च्या फाटकापाशी संपला. तिथे तो थांबला, ओल्या बाहीने तोंड पुसलं, आणि तिलाच विचारलं, "इथल्या इन्चार्ज निलम सिस्टर म्हणजे… फार कडक आहेत म्हणतात. कुठे भेटतील?"

"भेटल्या," निलम म्हणाली.

*

'सुखाश्रय'मध्ये बावीस म्हातारी माणसं राहत. निम्मी किनाऱ्याकडची, वाडीवाल्यांच्या घरातली. त्यांची मुलं बोरिवलीपासून कॅनडापर्यंत पसरली होती. निम्मी आतल्या पाड्यांवरची. त्यांची मुलं वापीच्या कारखान्यांत नाहीतर कुणाच्या तरी बोटीवर. निलम स्वतः तलासरीच्या एका पाड्यावरची, नर्सिंग शिकलेली, आठवड्याला मंगळवारी एक सुट्टी घेणारी, आणि उरलेले सहा दिवस वैतागलेली.

वैतागायला कारण होतं. श्रावणात तिथली माणसं पडायला लागली. सहा वेळा. सहाव्या वेळेला एका आजींचं खुब्याचं हाड मोडलं, आणि ट्रस्टचे सेक्रेटरी जतीनभाई हादरले. जतीनभाईंचा फुग्यांचा कारखाना होता. हवा भरलेल्या कुठल्याही गोष्टीबद्दल त्यांना सखोल ज्ञान होतं, आणि बाकी गोष्टींबद्दल आत्मविश्वास. त्यांनी एकाच दिवशी दोन कामं केली. एका संस्थेला पत्र लिहून, स्टाफला पडझड सांभाळायला शिकवायला माणूस मागवला. आणि ते काम जमलं नाही तर म्हणून वीस पट्टे मागवले, म्हातारी माणसं खुर्चीला बांधून ठेवायचे. पट्ट्यांचं खोकं निलमच्या टेबलावरच आणून ठेवलं.

"सिस्टर, पट्टा बांधला की मानूस पडणार कसा? विमानात नाय बांधत?"

"विमान उतरलं की सोडतात, जतीनभाई."

"दसऱ्यापर्यंत बघू. दसऱ्याच्या आधीच्या महिन्यात पडझड पाचच्या आत पाहिजे. नाय तर खोकं उघडायचं."

निलम याआधी जिथे कामाला होती तिथे तिने असे पट्टे पाहिले होते. तिथला एक म्हातारा दिवसभर पट्ट्याचं बक्कल चाचपत असे, हळूहळू, जपमाळ ओढल्यासारखा. सहा महिन्यांनी पट्टा सोडला तेव्हा तो उठलाच नाही. उठायचं कसं ते विसरला होता. म्हणून निलमने त्या खोक्यावर जुन्या फायलींची चळत रचून ठेवली.

तर, मागवलेला माणूस तो हाच. दीपेश, फिजिओथेरपिस्ट. घर बोर्डीला, कासा भागात पेशंट बघणारा. आकडा पाचच्या खाली येईपर्यंत दर बुधवारी येणार. तो खाली आला की इथलं काम संपलं, मग पुढची नेमणूक जव्हारला.

जेवणाच्या खोलीत सगळा स्टाफ जमवून त्याने पहिला नियम सांगितला.

"जो कुणी रहिवासी जमिनीवर सापडेल, तो पडला असं धरायचं. कुणी पाहिलेलं असो, नसो. लगेच फॉर्म भरायचा. नाहीतर काय होतं, माणसं पडतात आणि लपवतात."

"आणि मी लादी पुसायला खाली बसले तर?" मावशीचं काम करणाऱ्या सरिताने विचारलं.

"तुम्ही रहिवासी नाही."

"आणि मांजर?"

"छान प्रश्न," दीपेश म्हणाला आणि त्याने तो खरंच वहीत लिहून घेतला.

निलमने कपाळावर हात मारला.

पण माणूस कामाचा होता, हे तिलाही कबूल करावं लागलं. पहाटे सहाला, ऐन बाथरूमच्या गर्दीच्या वेळी लादी ओली करायची ही 'सुखाश्रय'ची परंपरा त्याने मोडली. लादी दहाला पुसायची असं ठरलं. सपाता जाऊन मागे पट्टा असलेल्या चपला आल्या. चष्मे पुसले गेले. दोघांचे तर एकमेकांचे निघाले. बीपीच्या गोळीनंतर पाच मिनिटं कॉटवर बसून मग उठायचं, हे त्याने प्रत्येकाच्या शेजारी बसून स्वतः करून दाखवलं. आणि कुसुमबाईंना एक घंटी दिली.

कुसुमबाई म्हणजे किनाऱ्यावरच्या एका मोठ्या वाडीच्या मालकीणबाई, वय एक्याऐंशी, अकरा वर्षं गुडघे धरलेले, डोळे मात्र घारीसारखे. आयुष्यभर पन्नास माणसांवर नजर ठेवायची सवय, आणि इथे नजर ठेवायला भिंत. "कुणी पडलेलं दिसलं तर वाजवा," असं दीपेशने सांगितलं आणि कुसुमबाईंच्या जगण्याला पुन्हा अर्थ आला.

ट्रिंग! "पडला गं पडला!"

ट्रिंग! "धावा गं, पुन्हा पडला!"

चार आठवड्यांनी निलमने बेरीज केली. चौतीस.

प्रशिक्षण नव्हतं तेव्हा सहा. प्रशिक्षण आलं आणि चौतीस. निलमने तो आकडा बुधवारी दीपेशसमोर सरकवला.

"छान," तो म्हणाला.

"यात काय छान आहे?"

"म्हणजे नोंद नीट होतेय."

"पट्टेसुद्धा नीटच बांधले जातील मग!"

*

दर बुधवारी दुपारी ऑफिसात दोघं समोरासमोर बसून फॉर्म तपासत. एकेका फॉर्ममध्ये चौदा प्रश्न. स्थळ, वेळ, पायात काय होतं, उजेड कसा होता, चक्कर की धडधड, साक्षीदार कोण. बाहेर वाडीत पाऊस पानापानावर टपटपत असे, आणि खोलीत निलम.

"तुम्ही प्रत्येक गोष्टीला छान म्हणता. खुबा मोडला तरी छान?"

"नाही. मोडल्यावर 'अरेरे' म्हणतो. ते तुम्ही ऐकलेलं नाही, म्हणजे माझं काम बरं चाललंय."

"आणि हसू नका. मी चिडलेय."

"तुम्ही चिडल्यावर पेन टेबलावर आपटता. तीनदा. आत्ता दोनदाच आपटलंय."

निलमने तिसऱ्यांदा आपटलं. मग तिलाच हसू आलं. ते लपवायला तिने ड्रॉवर उघडला, आणि ड्रॉवरमधून चिकूचा वास आला…

ही आणखी एक कटकट होती. दीपेश दर बुधवारी घरच्या वाडीतले पाच चिकू आणी. पिकलेले नाहीत, कच्चे. "रविवारपर्यंत होतील," म्हणे. ड्रॉवरमध्ये ठेवले की गुरुवारी त्यांना काही वास नसे. शुक्रवारी थोडा. शनिवारी कुठलंही रजिस्टर काढायला गेलं की तो गोड, मातकट दरवळ यायचा आणि बुधवारला अजून चार दिवस आहेत हे आठवायचं. ड्रॉवर उघडला नाही तरी आठवायचं. काम करणाऱ्या बाईच्या टेबलात असलं काही ठेवावं का माणसाने?

"गोड आहेत का?" तो विचारी.

"बरे आहेत," ती सांगे. यापुढे तिने एक शब्द कधी काढला नाही. तिची आई वीस वर्षं किनाऱ्याकडच्या वाड्यांमध्ये चिकू उतरवायला जायची. त्या वाड्यांमधला चिकू असा हातात ठेवलेला तिने पाहिला नव्हता. गोड म्हणावं, तर पुढे काय काय म्हणावं लागेल कोण जाणे.

*

पाचव्या आठवड्यात, एका गुरुवारी, तिने सगळे फॉर्म पुन्हा पसरले. चौतीसपैकी एकवीस एकाच माणसाचे. धाकल्याआजा. आणि एकविसात एक खरचटणं नाही. एकवीस वेळा पडून खरचटत नाही असा माणूस सर्कशीत असतो, वृद्धाश्रमात नाही.

आजाचं वय कुणालाच माहीत नव्हतं, आजालाही नाही. आयुष्यभर डोंगराकडच्या एका पाड्यावर राहिलेला. सडसडीत, शांत, विचारलं तेवढंच बोलणारा. आणि त्याला कुणी काही विचारलेलं नव्हतं. निलम दुपारी हॉलच्या दाराआड जाऊन उभी राहिली.

तीन वाजले. आजा खुर्चीत अवघडून बसला होता, परक्याच्या घरी बसावं तसा. त्याने एकदा इकडेतिकडे पाहिलं. कॉटची कड धरली. एक गुडघा टेकला, मग दुसरा. हलकेच जमिनीवर बसला, भिंतीला पाठ लावली, पाय लांब केले आणि डोळे मिटले. आपल्या घरी पोचल्यासारखा त्याचा चेहरा सैल झाला.

ट्रिंग! "पडला गं पडला!"

सरिता आणि आणखी एक मावशी धावत आल्या. दोघींनी आजाला काखेतून उचललं, खुर्चीत घातलं, पदराने घाम पुसला आणि गेल्या. आजाने काही तक्रार केली नाही. दोन मिनिटं वाट पाहिली. आणि पुन्हा कॉटची कड धरली.

निलम पुढे झाली. दोघांच्या पाड्यावरच्या बोलीत तिने विचारलं. त्याचा मथितार्थ असा की, आजा, तुम्ही पडता कसे?

"पडतं कोन?" आजा म्हणाला. "मी बसतंय."

"मग इतके दिवस सांगितलं का नाही?"

"कुनी इचारलं?" आजाने शांतपणे तिच्याकडे पाहिलं. "मला वाटलं, इथं मानसाला दिसंल तवा उचलायची रीत हाय. जिथली तिथली रीत असती, पोरी. आपन कशाला नाव ठेवा?"

निलम तिथेच, त्याच्या शेजारी, भिंतीला टेकून बसली. हसावं की रडावं ते तिला ठरवता येईना. पाड्यावर तिची आई, आजी, सगळा गोतावळा जमिनीवरच बसायचा. ती स्वतः दर मंगळवारी तशीच बसायची. आणि बुधवारी सकाळी गणवेश घातला की जमिनीवर दिसलेला माणूस तिला पडलेला दिसायला लागायचा! जतीनभाईंनी पट्टे कुणाला बांधायचे त्याची यादी मागितली होती. त्यात पहिलं नाव तिने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. धाकल्याआजा.

तिने फोन लावला.

"तुमच्या चौतीस पडण्यांपैकी सत्तावीस नुसती बसणी आहेत," ती म्हणाली. "आजाची एकवीस. पाड्यावरच्या दोन आज्यांची सहा. खरं पडणं सात."

ती 'छान'ची वाट बघत होती. ते आलं असतं तर तिने फोन भिंतीवर मारला असता.

"येतो," तो म्हणाला.

गुरुवार होता. बुधवार नव्हता. तरी बोर्डीहून मोटरसायकलवर, धो धो पावसात, तासाभराने तो आला. चिंब भिजलेला, हातात चिकू नाहीत. तो सरळ हॉलमध्ये गेला आणि आजासमोर जमिनीवर मांडी घालून बसला.

"आजा, चुकलो."

"बस," आजा म्हणाला. "लादी गार हाय."

बाहेर व्हरांड्यात आल्यावर निलमचा बांध फुटला. "तुम्हाला कळतंय का, आणखी महिन्याभराने त्या माणसाला बांधलं असतं आम्ही! बसल्याबद्दल! आपल्या घरच्यासारखं बसल्याबद्दल! चौदा प्रश्न तुमच्या फॉर्ममध्ये. उजेड कसा होता, चपला कसल्या होत्या… आणि त्या माणसाला एकदा, फक्त एकदा…"

"विचारायचं राहिलं," तो म्हणाला. "माझं राहिलं."

"आणि माझं नाही राहिलं? मी त्याच्या पाड्याकडची ना!" तिचा आवाज फाटला. "म्हणून तर एवढी चिडलेय!"

त्याने खिशातून रुमाल काढला. तोही चिंब होता. त्याने तो पिळला, नीट घडी केली आणि पुन्हा खिशात ठेवला. एवढ्या गंभीर प्रसंगी कुणी असं करावं? निलमला रडता रडता हसू आलं, आणि त्याबद्दल ती आणखी चिडली.

*

पुढच्या बुधवारी हॉलच्या कोपऱ्यात एक जाड चटई आली. भिंतीला खाली, बसल्या हाताला येईल असा दांडा बसवला. शेजारी भक्कम लाकडी चौरंग. आणि प्रशिक्षण उलट्या बाजूने सुरू झालं. कसं पडू नये हे झालंच होतं. आता खाली कसं बसावं आणि वर कसं उठावं. आधी कुशीवर. मग चौरंगावर हात. एक गुडघा. श्वास. दुसरा पाय. घाई नाही.

"आणि स्टाफने उचलायचं नाही," दीपेशने बजावलं. "उठू द्यायचं. आपण फक्त शेजारी राहायचं."

मास्तर म्हणून धाकल्याआजाची नेमणूक झाली. त्याला शिकवायचं असं काही वाटतच नसे, तो नुसता बसे आणि उठे. बाकीचे बघत. एक दिवस कुसुमबाईंनी घंटी बाजूला ठेवली.

"काय रे धाकलू, मला येईल का?"

"न यायला काय? जमीन काय पळती का?"

दहा मिनिटं लागली. दीपेश एका बाजूला, निलम दुसऱ्या. अकरा वर्षांनी कुसुमबाई चटईवर टेकल्या, तळहाताने गार लादी चाचपून पाहिली आणि म्हणाल्या, "अगं बाई… तिथेच आहे की अजून!"

दुसऱ्या दिवसापासून चटईवर पत्त्यांचा डाव बसला. फॉर्ममध्ये पंधरावा प्रश्न आला, आणि तो सगळ्यात वर छापला गेला: पडलात की बसलात?

दसऱ्याच्या आधीच्या महिन्याचा आकडा आला तीन. तिन्ही किरकोळ. जतीनभाई खूश होऊन खोकं उचलून घेऊन गेले. त्यांच्या कारखान्यात फुग्यांची खोकी बांधायला ते पट्टे झकास झाले म्हणे. सगळे आनंदात होते. निलम सोडून.

"तोंड का असं?" कुसुमबाईंनी विचारलं. "आकडा वर गेला का?"

"नाही. खाली आलाय."

"मग रडतेस कशाला?"

"रडत नाहीये. वैतागलेय."

कुसुमबाईंनी चष्म्यावरून तिला न्याहाळलं. आकडा खाली म्हणजे काय, हे त्या हॉलमध्ये सगळ्यांनाच माहीत होतं. येता बुधवार शेवटचा.

"मी पडू का गं एकदा?" त्यांनी हळूच विचारलं. "हलकेच. गादीवर."

"खबरदार!"

"आणखी तीन पडणी झाली की आकडा पाचाच्या वर जातो गं. मी दोन, धाकलू एक…"

"कुसुमबाई!"

"बरं बाई. आमच्या वेळी माणसं तोंडाने बोलायची. तुम्हाला फॉर्म लागतात."

*

शेवटच्या बुधवारी पाऊस पुन्हा आला होता, परतीचा, ऊन अंगावर घेऊन पडणारा. बाराच्या आत कागदपत्रं संपली. दीपेशने टेबलावर चिकू ठेवले, पाचच. हातात पिशवी घेतली.

"रविवारपर्यंत होतील," तो म्हणाला.

"बरं."

"येतो मग…"

"या."

तो दारात थांबला. निलमने पेन उचललं. आपटलं नाही. नुसतं धरून बसली. तो गेला.

निलमने गोळ्यांचं वाटप केलं, दोन ड्रेसिंग केली, जतीनभाईंच्या फोनला तीनदा 'हो' म्हटलं. तीन वाजता हॉल शांत झाला, सगळे आडवे झाले. तिचे पाय तिला चटईपाशी घेऊन गेले. भिंतीला पाठ लावून ती खाली बसली आणि गार लादीवर हात ठेवून तिने डोळे मिटले. दोन महिन्यांत एवढा एक शब्द सांगायचा होता. गोड आहेत म्हणून. तोही आपल्याला जमला नाही…

ट्रिंग! ट्रिंग! ट्रिंग!

"पडली गं पडली! सिस्टर पडली!"

धावत्या पावलांचा आवाज आला. सरिताच्या चपलांचा नव्हता. दारात दीपेश उभा होता, धापा टाकत, केसांतून पाणी निथळत. तीन तास हा माणूस होता कुठे?

"लागलं का? कुठे लागलं?"

"नाही लागलं."

"मग?"

"बसलेय," निलम म्हणाली. "आणि तुम्ही गेला नाहीत?"

"फाटकापाशी होतो. पाऊस थांबायची वाट बघत."

"पाऊस दोन वाजताच थांबला होता. पुन्हा लागलाय हा."

"हो का…" दीपेश म्हणाला आणि हळूच तिच्यासमोर मांडी घालून बसला. सवयीने पिशवीतून फॉर्म निघाला. मग त्याच्याच लक्षात आलं. "पण तुम्ही रहिवासी नाही. फॉर्मची गरज नाही."

तो फॉर्म परत आत घालायला लागला.

"…भरा," निलम म्हणाली.

वाडीवरून गार वारा आला. दोन कॉट किंचित करकरल्या.

"पडलात की बसलात?"

"आधी सांगितलंय. पुढचा."

"वेळ?"

"तीन दहा."

"पायात काय होतं?"

"मागे पट्टा असलेल्या चपला. तुमच्याच कृपेने."

"आधी काय करत होतात?"

"वैतागत होते."

"कुणावर?"

"तो प्रश्न फॉर्ममध्ये नाही."

"घालू पुढच्या वेळी." त्याचं पेन थांबलं. "चक्कर? धडधड?"

निलमने खाली पाहिलं. "…धडधड."

"कधीपासून?"

"एकाने माझ्या बरगडीत वॉकरचा पाय घातला होता. तेव्हापासून."

त्याने ते अक्षरशः लिहून घेतलं. ओल्या बाहीतून पाणी फॉर्मवर टपकत होतं, ते तिने पाहिलं, आणि या वेळी पाहिल्याचं तिला वाईट वाटलं नाही.

"आणि चिकू गोड होते," ती घाईघाईने म्हणाली. "सगळे. पहिल्यापासून."

"आईने तेच विचारलं. म्हणाली, एवढे नेतोस, त्या मुलीने एकदा तरी गोड म्हटलं का?"

"आईंना… माहीत आहे? मी कुठली ते?"

"सांगितलं. तीन दिवस माझ्याशी बोलली नाही." तो थांबला. "आजचे पाच तिने स्वतः निवडून दिलेत. अजून बोलत नाहीये. पण निवडून दिलेत."

त्यात जेवढं होतं तेवढं, आणि जेवढं नव्हतं तेवढंही, निलमला नीट कळलं. तिच्या आईने इतकी वर्षं उतरवलेले चिकू, आणि हे पाच.

"माझी आईही नाही बोलणार तीन दिवस," ती शेवटी म्हणाली. "चार, कदाचित."

"साक्षीदार?" त्याने पुढचा प्रश्न विचारला.

"मी!" कॉटवरून कुसुमबाई.

"मी पन," डोळे मिटलेला आजा.

"शेवटचा प्रश्न. पुन्हा असं होऊ नये म्हणून काय उपाय सुचवाल?"

"ते तुमचं काम आहे. तुम्ही सुचवा."

त्याने विचार केला, काहीतरी लिहिलं आणि फॉर्म तिच्याकडे फिरवला. त्या रकान्यात लिहिलं होतं: उपाय नको. बुधवार संपले. मंगळवारी तलासरीला आलो तर चालेल का?

निलमने त्याच्या हातातलं पेन घेतलं आणि खाली, इन्चार्जच्या सहीच्या जागी, सही केली.

"छान," ती म्हणाली.

मग ती उठायला लागली. त्याने पटकन हात पुढे केला.

"उचलायचं नाही," ती म्हणाली. "उठू द्यायचं. शेजारी राहायचं."

तिने चौरंगावर हात ठेवला. एक गुडघा. श्वास. दुसरा पाय. घाई नाही. सरळ उभी राहिली, साडीच्या निऱ्या नीट केल्या, आणि मगच त्याचा तो पुढे केलेला हात हातात घेतला. आता त्याची काही गरज नव्हती. म्हणूनच घेतला.

दोघं तशीच उभी राहिली असती संध्याकाळपर्यंत. पण मागून कॉटची कड करकरली.

"झालं असंल तर सरका बरं," धाकल्याआजा म्हणाला. "माझी बसायची येळ झाली."